घड्याळ लावून मूल वाढत नाही

'लहान मुलांच्या हाती मोबाइल देऊ नका' हे वाक्य आज महाराष्ट्रात वादापलीकडचे झाले आहे. पालकसभेत, दवाखान्याच्या भिंतीवर, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि कीर्तनातही ते सारख्याच ठामपणे सांगितले जाते. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत हे मत जरा उशिरा, टॉवरच्या मागोमाग पोहोचले. पण आता वडसा, आरमोरी, मूल, सिंदेवाहीकडचे शिक्षक आणि अंगणवाडी सेविकाही ते सांगू लागल्या आहेत. ज्यांना लेकरांची काळजी आहे अशीच माणसे ते सांगतात, म्हणून त्याचे खंडन जबाबदारीने करायला हवे. माझे म्हणणे असे की हे मत अर्धे खरे आहे आणि त्याच्या उरलेल्या अर्ध्या भागाने जंगलपट्ट्यातल्या कुटुंबांवर अन्याय होतो.

आपल्याकडची वादपद्धती सांगते की पूर्वपक्ष मांडायचा तो त्याच्या पूर्ण बळानिशी. तो असा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पहिल्या वर्षात पडदा अजिबात नको, दुसऱ्या वर्षातही नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक नको, असे त्यांत सांगितले आहे. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या सूचनाही जवळपास तशाच आहेत: दोन वर्षांखाली पडदा नको, दोन ते पाच वयात एका तासाची मर्यादा आणि तीही मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली. यामागची कारणे खरी आहेत. पडद्याने झोप तुटते, हालचाल कमी होते, आणि भरवताना मोबाइल समोर धरला की पोट भरल्याची जाणीवच मुलाला होत नाही. कोरोनाच्या दोन वर्षांत ऑनलाइन शिक्षणाच्या निमित्ताने घरोघरी मोबाइल मुलांच्या हातात गेला तो परत आलाच नाही, ही पालकांची तक्रार सार्वत्रिक आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील बान्सी गावाने २०२२ साली ग्रामसभेत ठराव करून अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदी केली, ती या तक्रारीतूनच.

यातला मोठा भाग मला मान्य आहे. दोन वर्षांखालच्या बाळाला कार्टूनची काहीही गरज नाही. जेवताना आणि झोपताना मोबाइल नको. रडणारे मूल गप्प करण्याचा ठरलेला उपाय म्हणून फोन देणे वाईटच, कारण त्या मुलाला आपला राग आपण शांत करायला शिकण्याची संधीच मिळत नाही. या मुद्द्यांवर माझा वाद नाही. वाद आहे तो या सूचनांतून जे एक साधे सूत्र बाहेर काढले गेले त्याच्याशी. पडदा हे एकजिनसी द्रव्य आहे, ते मिनिटांनी मोजायचे, जितके कमी तितके चांगले, आणि ज्या घरात ते जास्त त्या घरातली आई बेजबाबदार, असे ते सूत्र. हे सूत्र त्या सूचनांतही नाही आणि त्यांमागच्या संशोधनातही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा दस्तऐवजच पाहा. त्याचा विषय आहे शारीरिक हालचाल, बैठेपणा आणि झोप. म्हणजे पडद्याची मर्यादा तिथे मुख्यतः 'मूल किती वेळ बसून राहते' या अंगाने आली आहे. त्याच दस्तऐवजात म्हटले आहे की मूल बसलेले असेल तेव्हा मोठ्या माणसाबरोबर वाचन आणि गोष्टी सांगणे याला प्रोत्साहन द्यावे. शिफारशी ठाम शब्दांत केल्या असल्या तरी त्यांच्यामागच्या पुराव्याचा दर्जा फार कमी आहे, अशी नोंद लिहिणाऱ्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे केली आहे. आपण मात्र त्यातला तासाचा आकडा उचलला आणि गोष्ट सांगणारे माणूस मागे सोडले.

ते माणूसच महत्त्वाचे आहे, हे दाखवणारे प्रयोग आता जुने झाले आहेत. पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषेतल्या मँडरिनचे उच्चार ऐकवले. काही बाळांसमोर मँडरिन बोलणारी माणसे प्रत्यक्ष बसून खेळली, पुस्तके दाखवली. काहींना त्याच माणसांची चित्रफीत दाखवली, काहींना नुसता आवाज ऐकवला. भाषा तीच, माणसे तीच, वेळही तितकाच. बारा बैठकांनंतर पाहिले तर प्रत्यक्ष माणसाबरोबर बसलेल्या बाळांना ते उच्चार वेगळे ओळखता येऊ लागले होते. चित्रफितीतून आणि ध्वनिफितीतून काहीच पदरात पडले नव्हते. या प्रयोगाचा दाखला पडदाविरोधी लोक नेहमी देतात, आणि तो बरोबरच आहे.

पण त्याच्या पुढचा प्रयोग ते सांगत नाहीत. रोझबेरी, हर्श-पासेक आणि गोलिंकॉफ या संशोधिकांनी २०१४ साली दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदे शिकवून पाहिली. एका गटाला समोरासमोर, दुसऱ्याला व्हिडिओ कॉलवर, तिसऱ्याला आधीच ध्वनिचित्रमुद्रित केलेल्या संभाषणातून. व्हिडिओ कॉलवरची मुले समोरासमोरच्या मुलांइतकीच शिकली. मुद्रित संभाषणाच्या गटातली शिकली नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या दोन्ही गटांपुढे पडदाच होता. फरक इतकाच की एका पडद्यातला माणूस मुलाला उत्तर देत होता. मुलाने पाहिले की तोही पाहायचा, मूल बोलले की थांबायचा, हसले की हसायचा. दुसऱ्या पडद्यातला माणूस मुलाकडे लक्ष न देता बोलत राहायचा.

आता तिसरी गोष्ट. दिमित्री क्रिस्ताकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली तीनशेहून अधिक लहान मुलांच्या अंगावर छोटी ध्वनिमुद्रणयंत्रे लावून दिवसभरातले घरातले बोलणे मोजले. घरात टीव्ही ऐकू येत असलेल्या प्रत्येक तासामागे मोठ्या माणसांचे मुलाच्या कानावर पडणारे सुमारे ७७० शब्द कमी होत होते. मूल टीव्ही पाहत होते की नाही हा प्रश्नच इथे गौण आहे. टीव्हीने घरातली मोठी माणसे गप्प केली होती.

ही तिन्ही निरीक्षणे एकत्र ठेवली की निकष आपोआप बदलतो. यंत्र मूल आणि माणूस यांच्या मध्ये येते, की त्यांना एकमेकांजवळ आणते, हे पाहायला हवे. घड्याळ याचे उत्तर देऊ शकत नाही. बाळाच्या हातात फोन नसला पण आईच्या, आजोबांच्या, काकाच्या नजरा आपापल्या फोनमध्ये असल्या, तर मिनिटांच्या हिशेबात ते मूल शून्यावर येते आणि प्रत्यक्षात त्याची उपासमार चालू असते. उलट, मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या आईशी रोज रात्री अर्धा तास बोलणारे अडीच वर्षांचे लेकरू त्याच हिशेबात निम्मी मर्यादा संपवून बसते.

हे मिरचीचे उदाहरण मी मुद्दाम घेतले, कारण सारा पूर्वपक्ष एका विशिष्ट घराची कल्पना करून बोलतो आणि ते घर चंद्रपूर-गडचिरोलीत फारसे आढळत नाही. धानाची कापणी आणि मळणी आटोपली की दोन्ही जिल्ह्यांतल्या असंख्य गावांतून मजुरांच्या गाड्या भरून मिरची तोडाईसाठी तेलंगणाकडे निघतात. काही लेकरे बरोबर जातात, काही आजीजवळ राहतात. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो, तो पहाटे अंधारात वेचायचा असतो. मे महिन्यात तेंदूपत्त्याचे दिवस: पहाटे जंगलात जायचे, पाने तोडायची, दुपारभर घरी बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागेवर, नेऊन मोजून द्यायचे. वर्षाच्या रोख कमाईचा मोठा हिस्सा त्या थोड्या दिवसांत मिळतो. पावसाळ्यात रोवणा, म्हणजे धानाची लावणी. या प्रत्येक हंगामात दोन-तीन वर्षांचे मूल कोणाजवळ असते? सहा-सात वर्षांच्या बहिणीजवळ, किंवा डोळ्यांना कमी दिसणाऱ्या आजीजवळ. त्या बहिणीने रडणाऱ्या भावाला फोन दिला, तर त्याला 'पालकांचा निष्काळजीपणा' म्हणणे म्हणजे मजुरीचे वास्तव झाकून आईला आरोपी करणे होय.

'मुलांना बाहेर खेळायला पाठवा' हा सल्लाही असाच. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल या तालुक्यांत संध्याकाळ झाली की आई लेकराला घरात ओढते, कारण गावाच्या कडेला वाघ असतो. चंद्रपूर शहराला लागून असलेल्या दुर्गापूर आणि ऊर्जानगर भागात महाऔष्णिक केंद्राच्या आसपास वाघ आणि बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसे गेली आहेत. घुग्घुससारख्या कोळसापट्ट्यात हवेत धूळ असते. तिथल्या आईला मोकळ्या मैदानाचा महिमा सांगताना सांगणाऱ्याने एकदा तिच्या दारात उभे राहून अंधार पडताना पाहावा.

आणखी एक युक्तिवाद आहे, जो गडचिरोलीत विशेष जोरात चालतो. मोबाइल हे दारूसारखे व्यसन आहे, म्हणून दारूसारखीच बंदी हवी. या जिल्ह्याने बायकांच्या आणि ग्रामसभांच्या चळवळीतून १९९३ साली दारूबंदी मिळवली. त्या लढ्याबद्दल मला अत्यंत आदर आहे. पण उपमा चुकीची आहे. घरात दारू नसल्याने कुटुंबाचे कोणतेही काम अडत नाही. फोन नसल्याने मजुरी जमा झाली का ते कळत नाही, १०८ ची गाडी बोलावता येत नाही, परराज्यात गेलेल्या माणसाचा पत्ता लागत नाही. जी वस्तू घरात राहणारच आहे तिच्याशी कसे वागायचे हे शिकवावे लागते, आणि ते शिकवणे बंदीपेक्षा कठीण आहे.

बान्सीच्या ठरावाशेजारी त्याच वर्षीचे सांगली जिल्ह्यातले उदाहरण ठेवून पाहावे. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचे असा गावाचा निर्णय आहे. बाहेरून दोन्ही उपाय सारखे वाटतात. पण बान्सीत बंधन फक्त मुलांवर आहे. वडगावात ते गावातल्या प्रत्येकावर आहे. दीड तास मोठी माणसेही मोकळी होतात, मुलांबरोबर बसतात, बोलतात. वडगावचा उपाय मला योग्य वाटतो तो दीड तासाच्या आकड्यामुळे नव्हे. मोठ्यांची नजर मुलांकडे परत वळवल्यामुळे.

खंडन इथवर पुरे. आता मंडन, आणि त्यासाठी मला गडचिरोलीबाहेर जायची गरज नाही.

तंत्रज्ञान आणि लहान मूल यांची गाठ कशी घालावी, याचा जगभर अभ्यासला गेलेला धडा याच जिल्ह्यात घडला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली तेव्हा इथली बाळे मोठ्या संख्येने न्यूमोनियाने मरत होती. न्यूमोनिया ओळखण्याची खूण साधी आहे: श्वासाची गती. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, आणि दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा ५० किंवा त्याहून जास्त झाला, तर धोका. डॉक्टर हे घड्याळ पाहून मोजतो. गावातल्या दाईला घड्याळ पाहता येत नव्हते आणि मोठे आकडे मोजता येत नव्हते. नेहमीची वाट अशी होती की दाईला बाजूला सारायचे आणि बाळाला दवाखान्यात आणायला सांगायचे. दवाखाना पन्नास किलोमीटरवर, मधे नदी.

बंग दांपत्याने यंत्र दाईच्या हाताच्या मापाने घडवले. एका लाकडी पाटीवर मण्यांच्या दोन ओळी आणि एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. लहान बाळासाठी एक ओळ, मोठ्यासाठी दुसरी. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलो तर बाळाला 'डब्बा', म्हणजे न्यूमोनिया, झाला आहे, औषध द्या. अक्षरओळख नसलेल्या बायकांनी हे यंत्र अचूक वापरले. गावातल्याच कार्यकर्त्यांनी आणि दायांनी न्यूमोनियावर उपचार केल्याने बालमृत्यू घटतात, हे सांगणारा त्यांचा निबंध १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आला.

पुढे १९९५ पासून ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग झाला. प्रत्येक गावातली एक बाई आरोग्यदूत झाली. तिच्या पिशवीत तापमापी, वजनकाटा, श्वास देण्याची पिशवी आणि मुखवटा, जंतुसंसर्गावरचे इंजेक्शन. ती बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी जायची, तपासायची, आईशी बोलायची, ऊब कशी द्यावी ते दाखवायची. तिसऱ्या वर्षापर्यंत, तुलनेसाठी घेतलेल्या गावांशी ताडून पाहता, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्या घरी जन्मलेल्या बाळाला सात वेळा आणि दवाखान्यात जन्मलेल्याला सहा वेळा भेटू लागल्या, त्याचे मूळ या ३९ गावांत आहे.

कोणी म्हणेल, वाळूचे घड्याळ आणि तापमापी कुठे, स्मार्टफोन कुठे? आक्षेप योग्य आहे. एक जीव वाचवण्याचे साधन आणि दुसरे करमणुकीचे. तरीही या प्रयोगातून जी रीत हाती लागते ती फोनलाही लागू पडते. यंत्र बाळाच्या हातात दिलेले नव्हते. बाळाची काळजी करणाऱ्या, गावाला जबाबदार असणाऱ्या मोठ्या माणसाच्या हातात होते. ते वापरायचे म्हणजे बाळाजवळ बसावेच लागे, त्याच्या छातीकडे मिनिटभर एकटक पाहावे लागे. यंत्रामुळे बाई बाळापासून दूर गेली नाही, जास्त जवळ आली. आणि यंत्र घडवणाऱ्यांनी 'अडाणी बाईला हे जमणार नाही' असे गृहीत धरले नाही. आजच्या मोबाइलविरोधी प्रवचनांत नेमके हेच गृहीतक दडलेले आहे: आदिवासी, मजूर, कमी शिकलेल्या आईला तारतम्य शिकवता येणार नाही, म्हणून तिला फक्त 'नको' सांगा. ज्या जिल्ह्यातल्या बायकांनी इंजेक्शन देऊन बाळे वाचवून दाखवली, त्याच जिल्ह्यात हे गृहीतक चालावे याचे मला दुःख वाटते.

याच रीतीचे दुसरे उदाहरण कोरोनाकाळातले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर सगळीकडे ऑनलाइन वर्गांची घाई झाली. रेंज नसलेल्या आणि एका घरात एकच साधा फोन असलेल्या गावांना त्याचा उपयोग नव्हता. तेव्हा नागपूर विभागात, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीसह सहा जिल्ह्यांत, 'प्रथम' संस्थेच्या साहाय्याने आकाशवाणी नागपूरवरून 'शाळेबाहेरची शाळा' हा कार्यक्रम सुरू झाला. घरातल्या वस्तू घेऊन करायच्या कृती, गोष्टी, गाणी. पालकांच्या साध्या फोनवर लघुसंदेश. आणि मुलांचे आवाज आणि गावांची नावे रेडिओवर. नऊ वर्षांची ताई आणि चार वर्षांचा भाऊ ते एकत्र ऐकू शकत, आई भाजी चिरताना ऐकू शके. रेडिओला मुलाची नजर लागत नाही. नजर आणि हात मोकळे राहतात, म्हणून कार्यक्रमात 'आता दहा खडे आणा' म्हटले की मूल उठून आणते. पाच वर्षांखालच्या मुलासाठी पडद्यापेक्षा आवाज बरा, असे मी आग्रहाने म्हणेन, पण एका अटीवर: जवळच्या मोठ्या माणसाने त्यात भाग घ्यायला हवा. कुल यांच्या प्रयोगात नुसत्या आवाजानेही बाळे शिकली नव्हती, हे विसरून चालणार नाही.

उलटे उदाहरण सरकारनेच घालून दिले आहे, आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही. अंगणवाडी सेविकेच्या हातातला फोन लहान मुलांच्या भल्यासाठी आला. २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' हे ॲप आले. त्याची भाषा इंग्रजी, दिलेले फोन कमकुवत. त्या वर्षी राज्यभरातल्या सेविकांनी फोन परत करण्याचे आंदोलन केले. पुढे जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी लाभार्थ्याचा चेहरा जुळवून घेणे सक्तीचे झाले. भामरागड किंवा एटापल्लीच्या आतल्या गावात, जिथे पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताही बंद होतो आणि रेंजही जाते, तिथे सेविका फोन उंच धरून उभी राहते आणि चार वर्षांची मुले तिच्या तोंडाकडे पाहत बसतात. पडद्याच्या मिनिटांचा हिशेब ठेवणाऱ्या कोणत्याही तक्त्यात या मुलांची नोंद येणार नाही, कारण त्यांच्यापुढे पडदा नव्हताच. त्यांची बाई मात्र पडद्याने नेली होती.

भाषेचा प्रश्न यात सर्वांत कमी बोलला जातो. या दोन जिल्ह्यांत झाडीबोली आहे, गोंडी आणि माडिया आहे, सिरोंचाकडे तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी. मुलाच्या हाती दिलेला फोन मात्र बहुतेक वेळा हिंदी कार्टून लावतो. माडिया बोलणाऱ्या घरातले तीन वर्षांचे मूल हिंदी संवाद जसेच्या तसे म्हणू लागते आणि घरचे कौतुक करतात. कौतुकात काही वाईट नाही. पण त्या हिंदी वाक्यांना घरात कोणी उत्तर देत नाही, आणि उत्तर न मिळणारी भाषा मुलाच्या विचाराची भाषा होत नाही. मूल पुढे पहिलीत मराठी पुस्तकासमोर बसते तेव्हा त्याच्याजवळ माडियातला शब्दसाठाही अपुरा आणि मराठीतलाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लाख लोक होते, तरी ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगाव ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतः गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली ती या उणिवेतून. फोन इथे कामाला येऊ शकतो. छत्तीसगढमधल्या 'सीजीनेट स्वर'ने २०१० पासून दाखवून दिले आहे की साध्या फोनवरून गोंडीत बोलता येते, नोंदवता येते, दुसऱ्याचे ऐकता येते. 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर गोंडीत बालकथा आहेत. पण सगळ्यांत सोपे काम यापैकी कशालाही न थांबता होते: आजीच्या तोंडची कहाणी, रोवण्याचे गाणे फोनवर मुद्रित करून ठेवायचे आणि ते ऐकवताना मुलाजवळ बसायचे. इथे मूल यंत्राचे गिऱ्हाईक राहत नाही. घरच्यांनी केलेली वस्तू ते घरच्यांबरोबर ऐकते.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच तत्त्व शंख-शिंपले, बिया आणि पाने यांच्या बाबतीत पाळले. मॉन्टेसरीची महागडी साधने आदिवासी पाड्यावर न नेता, पाड्यावरचे साहित्य घेऊन त्याच पद्धतीची साधने त्यांनी बनवली. आज त्या असत्या तर फोनला हात लावला नसता असे मला वाटत नाही. त्यांनी आधी विचारले असते की याच्याभोवती मूल आणि माणूस काय करणार आहेत.

मग घरात काय करावे? दोन वर्षांखालच्या बाळासाठी फोनचा एकच उपयोग मला मान्य आहे: दूरच्या आईबापाशी, आजोबांशी बोलणे, आणि तेही जवळच्या माणसाने बाळाला मांडीवर घेऊन, पडद्यातल्या माणसाचे बोलणे त्याच्यापर्यंत पोहोचवत. मिरचीला गेलेल्या आईने फोनवर 'जेवला का' एवढेच विचारून थांबू नये. तिने समोरचा वाडगा पाहावा, त्यातले काय खाल्ले ते विचारावे, लेकराने दाखवलेला बैल पाहून हंबरावे. दोन ते पाच वयात काही दाखवायचेच असेल तर ते थोडे असावे आणि संपणारे असावे. आपोआप पुढचा व्हिडिओ लावणारी सोय बंद करून ठेवावी. हे दोन मिनिटांचे काम आहे आणि सेविकेला पालक मेळाव्यात प्रत्येकाच्या फोनवर करून दाखवता येते. आधीच उतरवून ठेवलेली एखादी चित्रफीत रेंज नसतानाही चालते आणि संपल्यावर संपते. मोठ्या भावंडाच्या हाती फोन देणे टळत नसेल तर त्याला सांगावे की बाळाला दाखवू नको, बाळाचा फोटो काढ आणि त्यालाच दाखव, त्याचा आवाज मुद्रित कर आणि त्यालाच ऐकव. मूल मग पडद्यात स्वतःला आणि ताईला पाहते, आणि दोघांचे बोलणे चालू राहते.

यावर शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा: हे सारे करायला जवळ माणूस हवे, आणि माणूसच नाही हे तर तुम्हीच सांगितले. बरोबर. म्हणूनच हा प्रश्न एकट्या आईवर सोडता येत नाही. रोजगार हमी कायद्यात तरतूद आहे की कामावर आलेल्या बायकांबरोबर पाच वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांच्यापैकी एका बाईला मुले सांभाळण्याचे काम द्यायचे आणि तिला मजुरी द्यायची. किती कामांवर हे होते ते गावाने विचारावे. शेजारच्या छत्तीसगढमध्ये जनस्वास्थ्य सहयोग या संस्थेने बिलासपूरच्या जंगलगावांत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी 'फुलवारी' चालवून दाखवली: गावातल्याच बाया, गरम जेवण, खेळ, आणि आई निर्धास्त कामावर. अंगणवाडीची वेळ मोह आणि तेंदूच्या दिवसांत पहाटेपासून असायला काय हरकत आहे, हेही विचारायला हवे.

विचारणारी जागा या जिल्ह्यात आहे. मेंढा (लेखा) गावाने अभ्यास गट चालवून, सर्वांचे एकमत होईपर्यंत बोलून निर्णय घेण्याची रीत घालून दिली आणि २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. पेसा आणि वनहक्क कायद्यांमुळे आज गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा आपला तेंदूपत्ता स्वतः विकतात. पैसा ग्रामसभेच्या खात्यात येतो. हंगामापूर्वी लिलावाची चर्चा करायला त्या बसतातच. त्याच बैठकीत दोन विषय आणखी घ्यावेत: फळी चालू असेपर्यंत गावातल्या लहान लेकरांना समाजमंदिरात सांभाळायला कोण बसेल आणि सांभाळणाऱ्यांना ग्रामसभेच्या खात्यातून किती मजुरी द्यायची, आणि संध्याकाळी पुडे मोजून झाल्यावर कोणत्या वेळी गावातले सगळे, सरपंच आणि शिक्षकांसकट, आपापले फोन बाजूला ठेवतील.